खुन्याचा कोट

६ फेब्रुवारी

शेंडेफळास,

आधी हे सांगते की फोन का करत नाही. फोन गल्ल्याशेजारी आहे आणि गल्ल्याशेजारीच बाबा इस्त्री करत बसतात. मी "हॅलो" म्हटलं की इस्त्री थांबते. म्हणून हे पत्र.

काल तुझी मालिका सुरू झाली. बाबांनी एका गिऱ्हाइकाचं अर्धं माप घेतलं, उरलेलं उद्या म्हणून त्याला बाहेर काढलं आणि शटर ओढलं. शेजारच्या चष्म्याच्या दुकानातल्या काकू स्वतःची खुर्ची घेऊन आल्या. मी आतल्या खोलीतला टीव्ही कटिंगच्या टेबलावर आणून ठेवला. एवढा सगळा थाट करून आम्ही काय पाहिलं? एक इन्स्पेक्टर. एक जुनी लिफ्ट, जी दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की दार वीस वर्षं मागे उघडतं. तपकिरी कोटातला एक खुनी, ज्याची फक्त पाठ दिसते. एक मेलेला माणूस आणि त्याच्याशेजारी पडलेलं कोटाचं बटण. संपलं. तू कुठेही नाहीस.

नावांची पाटी सरकायला लागली तेव्हा बाबा म्हणाले, "हा कुठे होता?" मी म्हटलं, पुढच्या भागात असेल. त्यांनी टीव्ही बंद केला तो इस्त्री आपटतात तसा.

तुला एक आठवण करून देते, कारण सोयीचं नसलं की तू विसरतोस. बाबांचा निकाल असा आहे: ही मालिका संपेपर्यंत तुझा चेहरा टीव्हीवर दिसला, तर तू तिकडेच राहायचं आणि दुकान मी बघायचं. नाही दिसला, तर तू परत येऊन काउंटरवर बसायचं आणि मी शिवणशाळेतली कटिंग शिकवायची नोकरी घ्यायची. शाळेने जूनपर्यंत जागा धरून ठेवली आहे. म्हणजे तुझा चेहरा दिसला की माझं जाणं रद्द. आणि तरी काल मी डोळे फाडफाडून तुलाच शोधत होते. आता याला काय म्हणायचं ते तूच सांग.

परत आलास तर काम शिकावं लागेल, हेही लक्षात ठेव. बाबांच्या मोठ्या कात्रीचं स्वप्न बघू नकोस. ती अजून मलाही धरू देत नाहीत.

ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

मी आहे. पहिल्या भागात आहे आणि पुढेही असणार आहे. यापुढे एक शब्द सांगता येत नाही, कारण आमच्याकडून सही घेतली आहे की कुणी कोणती भूमिका करतो ते घरीसुद्धा बोलायचं नाही. नीट बघा, एवढंच म्हणतो.

इथे काय चाललंय ते विचारू नकोस. ती लिफ्ट प्लायवूडची आहे. दोघेजण दोऱ्या ओढतात तेव्हा दार उघडतं, आणि एक दार वीस वर्षं मागे गेलं तरी दुसरं आजच्यातच अडकून बसतं. सकाळी सातला बोलावतात, चारपर्यंत एका खुर्चीवर बसवतात, मग दिग्दर्शक ओरडतो की उजेड गेला. उद्या या. मी "बरं" म्हणतो. माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा संवाद तोच आहे.

बाबांना सांग, पोरगा खोटं बोलत नाही.

तुझा,
शेंडेफळ


२७ फेब्रुवारी

शेंडेफळास,

दुसरा आणि तिसरा भाग बघितला. तिसरा जवळजवळ चुकलाच, कारण वाहिनीने न सांगता तो मंगळवारचा उचलून रविवारी दुपारी टाकला. काकू मंगळवारी खुर्ची घेऊन आल्या आणि स्वयंपाकाचा कार्यक्रम बघून घरी गेल्या.

तू कोण आहेस यावर इथे डोकी फुटायची वेळ आली आहे. काकू म्हणतात वर्तमानपत्र विकणाऱ्याचे कान तुझे आहेत. मला वाटलं चादरीखालचं प्रेत तू. त्याचे पाय बाहेर आले होते, ते पाहून मी म्हटलं, हा आमचाच, मोजे धुतलेले नाहीत. बाबा आमच्याकडे लक्ष देत नाहीत. ते फक्त खुन्याच्या कोटाकडे बघून करवादतात. तीन बटणं तीन प्रेतांजवळ टाकली, तरी चौथ्या प्रसंगात कोट वरपासून खालपर्यंत बंद कसा? "घरी बसून बटणं लावतो का हा?" काकू म्हणाल्या, काळात मागेपुढे जाता येतं ना, तेव्हा बटणं गळायच्या आधीचा कोट असेल. बाबा म्हणाले, "मग माझ्याकडची उधारीची गिऱ्हाइकं तिकडेच जात असतील."

ते हसले, मीही हसले. पण शटर उघडताना त्यांनी मला विचारलं, "खरंच आहे ना तो त्यात?" मला हे आवडलं नाही, सांगून ठेवते. तू सही कुणाला दिलीस ते तू बघ. बाबांसमोर तोंडघशी मी पडते आहे.

ताई


६ मार्च

ताई,

ठीक आहे. सही गेली खड्ड्यात.

खुनी मी आहे.

ती पाठ माझी. तो कोट, ते चालणं, लिफ्टच्या जाळीवर येणारा तो हात, सगळा मी. आता कळलं का तोंडाला कुलूप का होतं? अख्खी मालिका ज्याच्यासाठी बघायची तो माणूस मी आहे. एकूण तेरा भाग. बारा भाग पाठ आणि तेराव्यात तो वळणार. पडदाभर चेहरा. माझा. शेवटचे कागद अजून कुणालाच दिलेले नाहीत, पण दुसरं होणार तरी काय? बारा भाग एखाद्याची पाठ दाखवायची आणि तो वळणारच नाही, असं कधी असतं का? बाबांची अट तेराव्या भागात पुरी होते. तुला काय वाटेल ते मला कळतं, ताई. शाळेचं मला कळतं. पण अकरा वर्षं मी गर्दीतला माणूस, दुसरा हवालदार, दार उघडणारा नोकर झालो. एकदा तरी वळू दे मला.

आता तुमच्या धंद्यातली तक्रार. तो कोट म्हणजे डोक्याला ताप आहे. बाह्या बोटांवर येतात. खांदे खाली घसरतात. मी कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंना म्हटलं, अहो, माझी बहीण शिवते, मलाही सुई धरता येते, बाह्या आत घेतो. त्या अंगावरच आल्या. म्हणाल्या, कोट एकच आहे, दुसऱ्याला पैसे नाहीत, हात लावायचा नाही, आहे तसाच राहायला हवा. का, तर म्हणे दिग्दर्शकाने सांगितलंय. या दिग्दर्शकाला बाहीतलं काय कळतं?

बाबांना सांगू नकोस. त्यांना तेराव्या भागातच कळू दे. त्यांचं तोंड बघायला मी तिथे नसेन, तेव्हा तू बघून मला लिही.

शेंडेफळ


२० मार्च

चि. खुनी यास,

पत्र वाचून मी दुकानातच खाली बसले. काकूंना वाटलं चक्कर आली. मग रविवारी चौथा भाग बघितला आणि पहिल्याच पावलाला तू ओळखू आलास. लहानपणी आईच्या मागे रुसून चालायचास तसा चालतोस, टाचा घासत. मला कसं दिसलं नाही कुणास ठाऊक. एकटीच बघत असते तर रडले असते. बाबा शेजारी होते म्हणून खोकले.

छान करतोस. मनापासून सांगते. हात जाळीवर ठेवतोस तेव्हा काकूंनी माझा दंड पकडला होता, अजून वळ आहे.

बाबांना काही बोललेले नाही. तेही काही बोलत नाहीत. हल्ली बटणांवरूनसुद्धा नाही.

कोट बघितला. बाह्या लांब आहेत खऱ्या. बाकी ठीक.

सहज विचारते, तो इन्स्पेक्टर प्रत्यक्षात किती उंच आहे? टीव्हीवर कळत नाही. आणि शेवटचे कागद हातात पडल्याशिवाय कुणाकडे काही बोलू नकोस. जेवत जा.

ताई


३० मार्च

ताई,

मी पोटातलं सांगतो आणि तू मला विचारतेस इन्स्पेक्टर किती उंच आहे. उंच आहे. माझ्यापेक्षा वीतभर उंच, खांदे कपाटासारखे. काकूंना त्याचा फोटो हवाय का? तो माझ्याशी बोलत नाही. कालपर्यंत माझं नाव त्याला माहीत नव्हतं, "ए कोट" म्हणून हाक मारायचा.

पाचवा भाग दाखवलाच नाही. त्या वेळी कुठलातरी सामना होता, तो लांबला. दिग्दर्शक वाहिनीच्या दारात जाऊन बसलाय.

१ एप्रिल. पत्र टाकायचं राहिलं होतं. आता पुढे लिहितो.

बंद केली. मालिका बंद. आज सकाळी गेलो तर फाटकाला कुलूप आणि आत सुतार लिफ्ट मोडत होते. दारावरचा माणूस म्हणाला बंद झाली, आणि आज पडली एक एप्रिल. मला वाटलं गंमत करतोय, म्हणून मी अर्धा तास हसत उभा राहिलो. चार भाग दाखवले, नऊ राहिले. लोकांना काळाचं मागेपुढे समजत नाही म्हणे, त्यापेक्षा स्वयंपाक बरा.

वळायच्या आत बंद, ताई. माझी पाठ अख्ख्या जगाने बघितली. आता मी काय करू?


८ एप्रिल

शेंडेफळास,

वाईट वाटलं. खरंच वाटलं. काकू वाहिनीला फोन करून भांडल्या. त्यांचं म्हणणं, मालिका बंद करा हवी तर, पण खुनी कोण ते सांगून बंद करा, माणसाने झोपायचं कसं? मला विचारतात, "तुला माहितीये ना?" मी आपलं बोटाला टोपण घालते आणि सुई ओवते.

आता खरी गोष्ट. मालिका बंद झाली आणि चेहरा दिसला नाही, म्हणजे तू परत येणार आणि मी जाणार, असा सरळ हिशेब होता ना? मी ट्रंक खाली काढली. बाबा म्हणाले, "ती कशाला काढलीस?" मी सांगितलं. तर म्हणाले, "मालिका बंद पडली यात पोराचा काय दोष? आणखी एक वर्ष देऊ त्याला."

ऐक. ज्या माणसाने तुला नाटकाच्या तालमीला जायला दोन रुपये दिले नाहीत, तो माणूस तुला वर्ष देतोय. मी म्हटलं, आणि शाळा? तर म्हणाले, शाळा काय पळून जाते? पळून जाते, बाबा. जूनला पळून जाते. माझं डोकं इतकं फिरलं की एका गिऱ्हाइकाच्या पँटचा पाय मी चार बोटं आखूड कापला.

मला तुझ्याकडून एकच हवंय. त्या मालिकेच्या लेखकाला गाठ. शेवटच्या भागात काय होतं ते त्याच्या तोंडून ऐक आणि मला सांग. तुझा चेहरा खरोखर दिसणार असेल, तर तुझी संधी तुझ्याकडून हिसकावली गेली, ते वर्ष तुझं, आणि मी गप्प बसेन. गप्प बसणार नाही, पण थांबेन.

ताई


१७ एप्रिल

प्रिय ताई,

लेखक भेटला. दुसऱ्या एका मालिकेत सासू लिहितो आता. मी विचारलं. तो म्हणाला, हो, तूच. तूच वळणार होतास. तेराव्या भागात, पडदाभर. फार सुंदर प्रसंग होता म्हणाला.

तेव्हा तसंच आहे. बाबांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, उपकार विसरणार नाही. एका वर्षात मी नक्की काहीतरी करून दाखवीन. शाळेत पुढच्या वर्षीही जागा निघेल. तुझ्यासारखी त्यांना मिळणार आहे का कुठे?

इथे हवा बरी आहे. तब्येत बरी आहे.

तुझा लाडका भाऊ


२४ एप्रिल

शेंडेफळास,

"प्रिय", "लाडका" आणि "हवा बरी आहे". तू अकरा वर्षांत मला हवा कळवली नव्हतीस.

मी तुला हे सांगणार नव्हते. चौथ्या भागापासून मला माहीत आहे.

तो कोट ढगळ शिवलेला नाही. तो उत्तम शिवलाय. कुणीतरी नीट माप घेतलंय, दोनदा अंगावर चढवून बघितलाय. फक्त ते अंग तुझं नव्हतं. तुझ्यावर बाहीचा जोड दंडापर्यंत उतरतो, कारण तो तुझ्यापेक्षा रुंद माणसाचा आहे. आणि डावा खांदा पाडून कापलाय. तुझे खांदे सरळ आहेत, तुझी पहिली चड्डी मी शिवली आहे, मला नको सांगूस. चौथ्या भागात इन्स्पेक्टर लिफ्टकडे चालत जातो तेव्हा त्याचा डावा खांदा पडलेला दिसतो. कोट त्याच्या मापाचा आहे. एकच कोट, हात लावायचा नाही, कारण शेवटी तो त्यालाच घालायचा होता. खुनी तोच. पुढच्या काळातून मागे येऊन खून करणारा. तू फक्त पाठ होतास.

त्या दिवशी मी उंची विचारली ती काकूंसाठी नव्हे. आणि कळल्यावरही लिहिलं नाही, कारण तू "एकदा तरी वळू दे मला" असं लिहिलं होतंस. मला वाटलं, तेराव्या भागापर्यंत तरी याला आनंदात राहू दे. तेवढं माझ्याकडून झालं. तुझ्याकडून काय झालं?

लेखकाने तुला खरं सांगितलं असणार. तू मला खोटं सांगितलंस. बाबांना मी काही बोललेले नाही आणि बोलणारही नाही. मी सांगितलं तर ती चहाडी होईल, आणि माझी नोकरी मला चहाडी करून नको. शाळेला नकार कळवायचं पत्र लिहून ठेवलंय. पुढच्या शनिवारच्या आत तुझं काही आलं नाही तर टाकते.

ताई


२८ एप्रिल

ती. बाबा,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे सुरुवात कशी करायची ते माहीत नाही. सरळ सांगतो.

मालिकेतल्या खुन्याची पाठ माझी होती. चेहरा माझा नसणार होता. शेवटी इन्स्पेक्टरच खुनी निघणार होता. मी लेखकाला विचारलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "तुला कुणी सांगितलं नव्हतं? अरे, तुला घेतलं ते तू कुणाच्या लक्षात राहत नाहीस म्हणून." मला मालिका बंद पडल्याचं वाईट वाटत होतं. त्यानंतर मला वाटलं, बरं झालं बंद पडली. चालू राहिली असती तर तुम्ही सगळ्यांनी शटर ओढून, टीव्ही टेबलावर ठेवून बघितलं असतं की तो वळला आणि तो मी नाही.

मी ताईला खोटं कळवलं. तुम्ही देऊ केलेलं वर्ष माझं नाही. चेहरा दिसला नाही आणि दिसणारही नव्हता. ठरल्याप्रमाणे मी परत येतो. ताईला जाऊ द्या.

दहा तारखेला पोचतो. काज करता येत नाही हे मला माहीत आहे. शिकेन.

तुमचा,
मुलगा


६ मे

शेंडेफळास,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. बाबांचा चष्मा काकूंकडे दुरुस्तीला होता, म्हणून मलाच वाचून दाखवावं लागलं. मी वाचत होते आणि ते कॉलरला इस्त्री करत होते. एकदाही थांबले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "माहीत होतं."

मी म्हटलं, काय माहीत होतं? तर म्हणाले, "पाठ आपल्याची आणि कोट दुसऱ्याचा. पहिल्याच भागात."

पहिल्याच भागात. "हा कुठे होता" म्हणून मला विचारलं तेव्हाही माहीत होतं. मी म्हटलं, मग एक वर्ष कशाला दिलंत? चेहरा दिसणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, मग हे नाटक कशासाठी? त्यांनी इस्त्री उभी केली. म्हणाले, "तो आला असता तर तू गेली असतीस. त्याचं काज बघितलंयस कधी?"

मला इतका राग आला की हातातलं पत्र मी टेबलावर आपटलं. चौदा वर्षं मी त्या टेबलाशी उभी आहे. चौदा वर्षांत माझ्या हाताला त्यांनी कधी "बरा आहे" म्हटलं नाही. आणि सांगितलं कधी, तर मला अडकवून ठेवायचं होतं तेव्हा, आणि तेही तुझ्या काजावरून. मी खूप बोलले. आईचं नाव काढलं. मग आत जाऊन रडले. दोन दिवस आम्ही एकमेकांकडे पाठ करून काम केलं. गिऱ्हाइकांना वाटलं घरात कुणी गेलंय.

तुझ्यावरही राग आहे, असा समज नको की गेला. पण पत्र चांगलं लिहिलंस. त्या लेखकाला म्हणावं, मला पहिल्या पावलाला ओळखता आला होता.

नकाराचं पत्र फाडून टाकलं. मी नऊला निघते, तू दहाला पोचतोस, म्हणजे भेट नाही. हे पत्र आता टाकलं तर तुला गाठणार नाही, म्हणून हे आणि दुकानाची किल्ली काकूंकडे ठेवते. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर आहे, कापून ठेवलंय, तू फक्त शिलाई मार, काजाला हात लावू नकोस. बाबा ओरडले तर "बरं" म्हण, तो संवाद तुला येतो. काकूंना खुनी कोण ते सांगून टाक, त्यांची झोप गेली आहे.

आणि मोठी कात्री शोधत बसू नकोस. काल रात्री बाबांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या ट्रंकेत तळाशी ठेवली. मला दिसलं नाही असं त्यांना वाटतंय. अभिनय तुझ्यात कुठून आला ते आता कळलं. सकाळपासून ते दुकानभर कात्री शोधतायत, टेबलाखाली, कापडाच्या ताग्यांमागे, आणि मीही त्यांच्याबरोबर शोधते आहे.

ताई